केळीच्या खोडावरून आलेला ट्रे

कैलासचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तळोद्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. लग्नसराई तोंडावर, ब्लाउजांची रास पडलेली, आणि कोरीटला माझ्या दादाच्या शेजारी राहणारा हा कैलास कामाशिवाय कधी फोन करत नाही. मी नुसती हूं हूं करत राहिले. तो म्हणाला, "सुमन आत्या, निंघ. तुन्हा दादा केळीमा बठेल सापडना… उठना नही." टाचण्या काढून मी जे पहिलं बोलले ते असं : "सांगेल व्हतं मी त्याले!" रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि खरं सांगते, तो अजून पुरता गेलेला नाही. एस्टीत बसून तापीचा पूल येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. मनातल्या मनात कसलं, ओठ हलत असणार, कारण शेजारची बाई माझ्याकडे बघून जरा सरकून बसली.

हिरालाल माझा थोरला भाऊ. गावाला तो हिराभाऊ, मला दादा. जन्मभर केळी लावली आणि जन्मभर कुणाला "जरा हात लाव" म्हणाला नाही. आडमुठा! विहिरीतली मोटर जळाली की चार माणसं लागतात ती वर काढायला. हा दोर, पहार आणि लाकडाचा ओंडका घेऊन एकटाच जायचा आणि दुपारी घामाघूम होऊन, मोटर काठावर ठेवून, घरी ताक मागायचा. माझ्या लग्नात लोखंडी कपाट द्यायचं ठरलं, तर ते गाडीवर चढवायला मामे-चुलते कोट सावरत उभे, आणि त्यांच्या येण्याआधीच कपाट गाडीत. जड वस्तूशी तो बोलायचा. बैलाशी बोलावं तसं, गोंजारत : "चाल मन्ही माय, चाल… आखो थोडं." लहानपणी मी त्याची नक्कल करायचे आणि तो माझ्या पाठीत धपाटा घालायचा. माणसांशी मात्र इतकं गोड कधी बोलला नाही. शकुवहिनीशी तर नाहीच. त्या दोघांचं आयुष्य एकमेकांवर खेकसण्यात गेलं आणि तरी जेवणाचं ताट वाढल्यावर समोर दुसरं माणूस नसलं की दोघांनाही घास उतरत नसे.

गेल्या थंडीत शकुवहिनी मोरीत पडली. आमच्या कोरीटच्या घरातली मोरी जुन्या पद्धतीची. उंबरा उंच, आत उतरायला दगड, दगडावर शेवाळ. खुब्याचं हाड मोडलं. सुरतेला निलेश, म्हणजे दादाचा मुलगा, असतो. तिथे ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा पडल्या तर उभ्या राहणार नाहीत. दादाने ऐकून घेतलं, वहिनीला तिथेच ठेवून गावी आला आणि मोरीवर घण घातला. नुसती मोरी नाही, सोपा, मधली खोली, सगळीकडे नवी पांढरी फरशी. निलेशने सुरतेहून एक ट्रे पाठवला. शॉवरखाली जमिनीत बसवायचा, कडा नसलेला, खरबरीत, पाय न घसरणारा. दगडाचा चुरा घालून केलेला, त्यामुळे वजन विचारू नका. टेम्पोवाल्या दोघांनी तो ओट्यावर टेकवला आणि तिथेच बसून पाणी मागितलं. आत नेऊन देणार नाही म्हणाले. दादा त्याला परात म्हणायचा. "तुन्ही वहिनीले परातमा बसाडीसन धोवानं शे आते."

आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ऐन वेळी होळी आली. आमच्याकडे होळी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार सुरू झाला की सातपुड्यातला माणूस सपाटीवर थांबत नाही. मिस्तरी नाही, बिगारी नाही, सगळे जीपच्या टपावर बसून डोंगरात. माझ्या दुकानासमोरूनच जातात त्या जीपा, ढोल वाजवत. दादाचा रायसिंग मिस्तरीही पाइप जोडून, खाली जागा करून, "होळी करीसन येस" म्हणून गेला तो गेलाच. मी फोनवर दादाला बजावलं, "थांब. माणसं येतील, मग बसवा." तर म्हणे, "पहाडमातीन इतलामा कोनी खाले उतरस का? तुन्ही वहिनी येवाना पहिले व्हवाले पाहिजे." मी म्हटलं, ती चार दिवस उशिरा आली तर काय आभाळ कोसळतंय? त्याने फोन ठेवला. त्याची ही सवय मला कधीच आवडली नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून कोरीट गाठलं. बघते तर दादा उपड्या बादलीवर बसलेला, चहा पितोय, सदरा पोटापर्यंत ओला. फरशी पुसून चकचकीत. आणि न्हाणीघरात ट्रे बसलेला! चारी कोपरे भिंतीला लागून, उंबरा कापून जमिनीबरोबर केलेला. खालचं सिमेंट धरेपर्यंत हलू नये म्हणून त्यावर सिमेंटच्या गोण्या, पाटा आणि गव्हाचा कट्टा ठेवलेला. मी कपाळावर हात मारला. "एकल्यानं उचलं?" तर तो हसला, लहान मुलासारखा. "मी कोठे उचलं? ते सोताच सरकनं." मग सांगत बसला. शेतातून कापलेल्या केळीची खोडं आणली, मधोमध चिरली, ओट्यापासून न्हाणीपर्यंत दोन ओळींत रुळासारखी मांडली आणि त्यावरून ट्रे ढकलत नेला. केळीचं खोड किती बुळबुळीत असतं ते आम्हाला काय सांगायचं, लहानपणी आम्ही त्यावर बसून बांधावरून घसरलोय. जागेवर आल्यावर खालच्या खोडांची सोपटं दोरीने एकेक ओढून काढली, ट्रे आपोआप खाली बसला. मी ऐकून घेतलं आणि तरी त्याला झाडलं. भरपूर झाडलं. या वयात, एकटा, पाय अडकला असता, हात चेंगरला असता, कुणाला पत्ता लागला असता का? तो म्हणाला, "गपचूप बठ, च्या पे." आमचं शेवटचं बोलणं ते. त्याबद्दल मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. तो आज समोर आला तर पुन्हा तेच बोलेन, जास्त जोरात बोलेन.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सकाळी ठिबकचा कॉक बंद करायला गेला आणि केळीच्या बुंध्याला टेकून बसला… वहिनी ठरलेल्या दिवशीच आली, पण तिला आणलं ते दादाला उचलायच्या आधी तोंड बघायला. सोप्यात, मधल्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या, दारावर येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि रीघ लागली की जिभाही आल्याच. कुणीतरी एकीने सुस्कारा टाकला, "इतला जड दगड एकल्यानं छातीवर लिधा, मंग काय व्हई?" झालं! वहिनीच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं. "त्या परातनी मन्हा माणूसना जीव लिधा. मी मरी जासू पन तठे आंग धोवाव नही."

आणि खरंच नाही. ट्रेवरचं ओझं तिने कुणाला काढू दिलं नाही. वॉकर टेकत मागच्या दारी जायची, नळाखाली ओल्या दगडावर बसून अंघोळ करायची. एका बाजूने मी धरलेली, दुसऱ्या बाजूने सून. एकदा वॉकरचा पाय निसटला आणि आम्ही तिघी भिंतीवर आदळलो. ज्या पडण्याच्या भीतीपायी त्या माणसाने घर खणून काढलं, ते पडणं मागच्या दारी रोज तिची वाट बघत होतं. मी तिला सांगून सांगून थकले की वहिनी, त्याने उचलला नाही, सरकवला. ती एकच विचारायची, "तू पाह्यं का?" नव्हतं ना पाहिलं! मी पोचले तेव्हा चहा चालला होता. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हृदय आधीपासूनच खराब होतं, कशामुळे गेले ते असं सांगता येत नाही. त्या उत्तराने कुणाचं पोट भरतं? झोप लागेना. मला काळजी वाटू नये म्हणून तो थाप मारत असेल तर? शेवटचा रेटा खरंच छातीने दिला असेल तर? मशीनवर बसले की हेच, भाजी निवडताना हेच. कोरीटला असले की तळोद्याला पळावंसं वाटे, तळोद्याला आले की पुन्हा कोरीटची एस्टी.

दादाचे दिवसकार्य, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले आणि मी सोप्यातली सतरंजी गुंडाळायला घेतली. अर्धी गुंडाळली आणि हात थांबला. नव्या पांढऱ्या फरशीच्या सांध्यांतून तपकिरी, काळपट डाग. आधी वाटलं चहा सांडला. मग सतरंजी पुरती ओढली, मधल्या खोलीतलीही. ओट्याच्या दारापासून दोन पट्टे, बैलगाडीच्या चाकोरीसारखे, सोप्यातून मधल्या खोलीत, कापलेल्या उंबऱ्यावरून थेट न्हाणीघरात. केळीचा चीक! ओला असताना दिसत नाही, वाळला की काळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही. केळीच्या मळ्यात नवा कपडा घालून कुणी जात नाही ते त्याचसाठी. दादाने स्वतः जुना सदरा घातला होता, पण फरशी नवी आहे हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी ओरडलेच, "वहिनी, ये आठे! लवकर ये!" ती वॉकर आपटत आली. मी फरशीवर गुडघे टेकून बोट फिरवत दाखवलं. बघ, इथून निघाला, इथे वळला, इथे दाराशी. कुठे तुटलाय का पट्टा? उचलला असता तर मधे कोरी फरशी दिसली असती. एक वीतभरसुद्धा उचललेला नाही गं त्याने!

वहिनीने बघितलं. वॉकरच्या दांड्यावर वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग तिचा चेहरा लाल झाला. "नवी फरशीवर केळीना खांब! जनम गया केळीमा, थोडी तरी अक्कल व्हती का ह्या माणूसले? हाऊ डाग आते निंघस का? सांग माले, निंघस का?" आणि खेकसता खेकसताच ती रडायला लागली. घरी आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, भिंतीला डोकं टेकून. मीही बसल्या जागी रडून घेतलं.

ओझं आम्ही दोघींनी काढलं, म्हणजे मी काढलं आणि सुनेने गव्हाचा कट्टा ओढला. पाटा उचलताना वहिनी म्हणाली, "हळू, घासाई जाई." निलेश म्हणतो फरशी बदलू, निदान ॲसिड मारू. ती त्याला जवळ फिरकू देत नाही.

ओझं काढलं त्याच्या दुसऱ्या सकाळी गरम पाणी काढून, खुर्ची आत ठेवून मी दाराशी उभी राहिले. वहिनी काळ्या पट्ट्यांवरून वॉकर टेकत न्हाणीपर्यंत आली आणि थांबली. ट्रे समोर, मधे उंबरा नाही, काही नाही, तरी ऑपरेशनचा पाय उचलेना. मला धीर कुठे! मी हात पुढे केला, तो तिने झटकला. मान खाली घालून ती त्या पायाकडे बघत राहिली. मग हळूच, गोंजारत, त्याच्याशीच बोलली.

"चाल मन्ही माय, चाल… आखो थोडं."