चुडामणचं चालतं टेबल

खंडवा जिल्ह्यातल्या लालबागेत चुडामण शिंप्याइतका बढाईखोर माणूस नव्हता, आणि त्याच्या कटिंगच्या टेबलाइतकं हट्टी टेबलही नव्हतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या जुन्या फाटकाच्या सागवानी फळ्यांचं ते धूड. दुकानात अंधार, म्हणून ते दाराबाहेर गल्लीतच ठाण मांडून असायचं. हलवायचं म्हटलं की तालमीतल्या पैलवानांना हाक मारायची, आणि उचलून झालं की त्यांना मावा-जिलबी घालायची, असा रिवाजच पडला होता. पैलवान टेबलाकडे कमी आणि हलवायाकडे जास्त बघत.

"हलकं टेबल करून घे ना," कोणी म्हणालं की चुडामण फणकारे, "कापडाचे बारा थर एका दमात कापतो मी! टेबल थरथरलं की खालच्या थराची बाही आखूड. घालणारा काय एक हात खिशात ठेवून फिरेल?"

छप्पन सालात दिवाळी आणि नवा मध्य प्रदेश एकाच आठवड्यात आले. नागपूर सुटलं, भोपाळ राजधानी झालं. लालबागेला त्याचं फार काही नव्हतं. पण प्रभातफेरी याच गल्लीतून निघणार होती आणि शाळेचे गणवेश चुडामणकडे होते. तेवढ्यात नगरपालिकेचा मुकादम गिरधर दारात उभा.

"चुडामणभाऊ, परवापासून दिवे लागले की रस्ता साफ पाहिजे. टेबल बाहेर दिसलं तर उचलून नेऊ. मग बिलकुल ऐकणार नाही."

"न्या की! माणसं आणा, आणि जिलबी पण आणा."

गिरधर हसला नाही. टेबल गेलं तर कटिंग बंद, आणि ऐन दिवाळीत गणवेश दुसऱ्या शिंप्याच्या दुकानात. पण चेहऱ्यावरची रेष हलू देईल तो चुडामण कसला? "आता बघाच," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "टेबल माझ्या मागे चालत आत येईल."

बायको मनकर्णा आतून म्हणाली, "तोंडानं टेबल हललं असतं ना, तर आत्तापर्यंत खंडव्याला पोचलं असतं."

चुडामणनं लीलाधर सुताराकडून चारी पायांना लोखंडी चाकं ठोकून घेतली. सकाळी बारा थर पसरले, खडूच्या रेघा मारल्या, कात्री दाबली, आणि टेबल निघालं! गल्ली उताराची. टेबल पुढे, त्याच्यामागे कात्री घेऊन चुडामण. शेवटी शेजारच्या मथुराबाईंच्या तुळशीवृंदावनापाशी ते थांबलं. "चुडामण, माझ्या तुळशीचं माप घ्यायला आलास का रे?" मथुराबाईंनी विचारलं. गल्ली पोट धरून हसली. कापलेली एक बाही कोपरापर्यंत, दुसरी मनगटाच्या पार.

चुडामण ओट्यावर बसला. समोर बहादरपूरहून केळी घेऊन आलेली बैलगाडी सोडलेली होती. बैल झाडाखाली, धुरा जमिनीला टेकलेली. पोरं तिच्यावर उड्या मारत होती, गाडी इंचभर सरकेना. गाडीवानानं धुरा उचलली मात्र, तशी गाडी निमूट त्याच्यामागे.

"लीलाधर!" चुडामण ओरडला. "चाकं काढ. दोनच लाव, एकाच टोकाला, पायांच्या बाहेरच्या अंगाला. आणि जमिनीला टेकू देऊ नको. बोटभर वर!"

"टेकत नाहीत तर चालतील कशी?"

"मी दुसरं टोक उचललं की टेकतील. खाली ठेवलं की टेबल आपल्या चार पायांवर. गाडीसारखं, बाबा!"

दुसऱ्या दिवशी बारा थर कापले. वरची बाही न् खालची बाही, सख्ख्या जुळ्या.

दिवे लागले, गिरधर माणसं घेऊन आला. टेबल बाहेरच. त्यानं मिशीला पीळ दिला.

"या मुकादमसाहेब, चढा टेबलावर," चुडामण म्हणाला. "बसा. हला. अजून जोरात."

गिरधरचा देह काही लहानसहान नव्हता. टेबल हूं की चूं नाही.

"आता उतरा." चुडामणनं एक टोक उचललं, चाकं किरकिरली आणि ते धूड गुमान त्याच्यामागे दुकानात शिरलं. गिरधरनं रिकामा रस्ता बघितला आणि माणसांना परत फिरवलं. मनकर्णानं कंदील उंच धरून टेबलाला वाट दाखवली.

हळहळले ते फक्त पैलवान. दुसऱ्या दिवशी त्यातला एक मनकर्णाला हळूच विचारून गेला, "वहिनी, घरातलं एखादं कपाट वगैरे हलवायचं नाही का?"