फुगलेली भिंत

माझ्या लग्नाआधी बाबांनी अमरावतीच्या घरातली बैठकीची भिंत स्वतःच सरळ करायला घेतली. मी नोकरीला अकोल्यात, सुट्टी टाकून आले होते. भिंत मधोमध दोन बोटं फुगलेली. रंगारी म्हणाला होता, फुगवटा छाटल्याशिवाय पुट्टी लावण्यात अर्थ नाही.

भिंतीपलीकडे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, एकटेच राहायचे. त्यांची बायको, माझी मोठी आई, दिवाळीनंतर वारली होती. दोन्ही घरांना मिळून ती एकच भिंत, तीही चार इंची.

बाबा छन्नीवर हातोडा असा घालत होते की ढलपे माझ्या तोंडावर उडत. मी म्हटलं, "हळू मारा ना बाबा."

"हळूनं निघत नाई ते," म्हणाले आणि आणखी जोरात मारू लागले.

पलीकडे काहीतरी धपकन पडलं. काच फुटली. बाबा थांबले नाहीत.

मोठे बाबा तडक आत आले. भिंतीची पातळी बघायची अल्युमिनियमची लांब पट्टी दाराशी टेकवलेली होती. ती उचलून त्यांनी सरळ बाबांच्या डोक्यात घातली. रक्त कानावरून मानेत उतरलं. मी मध्ये हात घातला, तर दुसरा फटका माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

मग बाबांनी त्यांना खाली पाडलं. पुट्टीची बादली कलंडली आणि त्या पांढऱ्या चिखलात साठी उलटलेले दोघे भाऊ लोळू लागले. शेवटी बाबा त्यांच्या छातीवर गुडघा रोवून बसले, हातोडा वर उचललेला. त्यांचं रक्त मोठ्या बाबांच्या कपाळावर ठिबकत होतं. मी चांगल्या हाताने बाबांचा शर्ट ओढला, तो फाटून हातात आला.

"मार ना," मोठे बाबा खालून म्हणाले. "काहून थांबला? तिले त फोडलंच तू."

"कोणाले?"

"तुह्या वयनीले. फोटो होता तिचा भिंतीवर."

बाबांच्या हातून हातोडा गळाला. पण ते उठेनात. मोठ्या बाबांनीच त्यांना ढकलून बाजूला केलं.

दवाखान्यात आम्ही तिघं एकाच ऑटोतून गेलो. बाबांना टाके पडले, मोठ्या बाबांची बरगडी मोडली होती, माझ्या हाताला प्लास्टर. डॉक्टरांनी विचारल्यावर दोघांनी एकदमच सांगितलं, रंगकामाची परांची अंगावर पडली.

भिंत पुढे रंगाऱ्याने केली. बाबांनी त्याला हातोडा लावू दिला नाही, म्हणून त्याने फुगवट्याच्या आजूबाजूला सिमेंटचा थर चढवून बाकीची भिंत त्याच्या बरोबरीला आणली.

लग्नाला मोठे बाबा आले. माझ्या प्लास्टरवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. पंगतीला बसले, पण बाबा वाढायला येताना दिसले तसे उठून गेले. दोघा भावांचं बोलणं अजून बंद आहे. मी दोन्ही घरी जाते, चहा पिते. पण खरं सांगायचं तर मला दोघांचीही भीती वाटते.