बुधरीची गाठ आणि आमचा दवाखाना

अहेरीच्या आमच्या दवाखान्यात औषधं कायम संपलेली असायची, किस्से मात्र कधीच संपले नाहीत. पन्नासच्या दशकात मी तिथे नर्स होते. जुनी मंडळी भेटली की एक जण सुरुवात करतो, दुसरा त्याला तोडतो, 'अहो, तसं नव्हतंच ते!' आणि गाडी शेवटी बुधरीवर येते. बुधरी म्हणजे सूरजागडच्या डोंगराकडल्या माडिया आदिवासींच्या वस्तीतली सात-आठ वर्षांची पोर.

*

तिचा बाप लालसू तिला खांद्यावर घेऊन आला. रोज सकाळी ओकारी, डोकेदुखी आणि चालताना झोकांड्या. आमचे कंपाउंडर गणपतभाऊ भारी अनुभवी! मोहफुलांचा हंगाम होता, म्हणून त्यांनी आधी पोरीचं तोंड हुंगलं.

लालसू शांतपणे म्हणाला, "भाऊ, मोहाची दारू असती तं आतापावतो उतरली असती. महिना होऊन राह्यला."

*

डॉक्टरसाहेब साताऱ्याकडचे, नवेच आलेले. त्यांनी खडूनं जमिनीवर रेघ ओढली आणि बुधरीला तिच्यावरून चालवलं. ती लगेच कलंडली. मग आत नेऊन भिंगातून तिचे डोळे तपासले आणि मला बाजूला घेतलं. लहान मेंदूत गाठ आहे, म्हणाले. ही पोरांनाच होते, क्वचित होते, आणि झालेलं पोर बहुधा वाचत नाही. मद्रासकडे एक सर्जन आहेत, तिथवर पोचली तर बघू.

बाहेर येऊन बघतो तर ओसरीवरचे सगळे पेशंट त्या रेघेवरून रांगेनं चालतायत! एक म्हातारेबुवा मला म्हणाले, "बाई, कंबरेले आराम वाटून राह्यला." रडू दाबून उभी होते, ती फिसकन हसले. त्या बुवांचे उपकार मी अजून मानते.

*

डॉक्टरांनी मला सोबत धाडलं. बल्लारशा स्टेशनपर्यंत सागवान वाहणारा ट्रक मिळाला. ड्रायव्हर रफीकभाई एरवी असा हाणायचा की रस्त्यावरच्या कोंबड्या त्याचा हॉर्न ओळखायच्या. धक्का बसला की पोरीचं डोकं ठणकतं, एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं ट्रक इतका हळू घेतला की मागच्या बैलगाडीवाल्यानं साइड मागितली. आणि रफीकभाईनं दिली! वर त्याला सलामही केला.

*

ऑपरेशन झालं, निघाली तेवढी गाठ निघाली. पण बुधरी बोलेना. डोळे उघडे, तोंड बंद. सर्जनसाहेब इंग्रजीत विचारायचे, तिथल्या सिस्टर तामिळमध्ये, मी मराठीत. तिची माडिया भाषा येणारा एकटा लालसू, तर तो भीतीनं मुका झालेला.

एका सकाळी तो तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. बुधरीचे ओठ हलले, तुटक तुटक दोन-चार शब्द आले. लालसू हमसून रडायलाच लागला. सर्जनसाहेब धावत आले. मी लालसूला विचारलं, काय झालं?

"मी म्हनलो, तुही कोंबडी मुंगसानं नेली. तं म्हनते, मुंगूस नाई, तूच खाल्ली असशीन."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सर्जनसाहेब हसले आणि म्हणाले, डोकं उत्तम चालतंय हिचं. कोंबडीचं खरं काय झालं, ते मात्र लालसूनं आम्हाला कधीच सांगितलं नाही.

*

मग उरलीसुरली गाठ मरावी म्हणून कितीतरी आठवडे डोक्याला आणि पाठीला किरण दिले. निरोप देताना सर्जनसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, गाठ परत येऊ शकते, पुढचा भरवसा मी देत नाही. आज चालतेय, तर घरी न्या.

वस्तीवर पोचलो तेव्हा आंब्याचा हंगाम सरत आला होता. झाडांखाली पिकल्या आंब्यांचा सडा पडलेला, माशा घोंगावत होत्या. पोरं लांब उभी राहून नुसती बघत होती. माझा घसा कोरडा पडलेला, मी वाकून एक आंबा उचलला, तर गावच्या पाटलांनी माझा हात धरला.

सगळ्या गावाची पूजा झाल्याशिवाय तिकडे नवा आंबा कुणी तोंडाला लावत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती पूजा तर केव्हाच उरकायला हवी होती. मी तसं म्हटलं.

पाटील माझ्या मागे बघत होते. बापाचा हात सोडून बुधरी एकटी, सावकाश, झाडाखालून चालत येत होती.

"पूजेले सारं गाव लागते, बाई," ते म्हणाले. "पोर आत्ता येऊन राह्यली."