पंगतीतल्या खुर्च्या

लग्नाच्या पंगतीत बेंबळीच्या कांताबाईंचं ताट एकीकडं असायचं आणि बाई भलतीकडं. सगळी पंगत जमिनीवर बसलेली असायची. भिंतीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या, त्या गुडघे बदललेल्यांसाठी. बाई आपली खुर्ची फरफटत एकेकीपाशी न्यायच्या आणि ओळख असो-नसो, विचारायच्या, "गुडघा कुठला गं तुझा?"

"सोलापूरला बसवलाय."

"दवाखाना न्हाय इचारला. कंपनी कंची? नंबर हाय का? मिक्सरचा वारंटीचा कागद जपून ठेवतीस, अन् हाडात ठोकलेल्याचा नंबर न्हाय?"

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा स्वतःचा बदललेला गुडघा थोड्याच वर्षांत आतून सुटला आणि पाय पुन्हा फाडावा लागला. तसलाच सांधा आणखी कुणाकुणाच्या पायात आहे, हे त्यांना कुणीच सांगू शकलं नाही. मग त्यांनी लग्नांतून शोध सुरू केला.

हाच प्रश्न मी एका पत्रकात मांडला होता. वडील चळवळीतले, त्यांची पत्रकं वाचतच मी वाढले. बसवलेल्या प्रत्येक सांध्याची सरकारदरबारी नोंद झालीच पाहिजे, एक बिघडला तर तसले सगळे तपासलेच पाहिजेत, असं मी लिहिलं होतं. बसस्टँडवर लोक त्याच पत्रकानं वारा घेत बसले. तामलवाडीच्या एका लग्नात मी ते बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं.

"झकास लिहितीस. पण पोरी, 'झालंच पाहिजे' लई झालं. कुणाचं काय दुखतंय ते कुठं हाय ह्यात?"

एवढं बोलून त्यांनी खुर्ची माझ्या आईकडं वळवली. आईचाही गुडघा बदललेला होता.

तेव्हापासून आईचा फोन संध्याकाळी बाईंसाठी राखीव झाला. आई फोनवर खिदळायची. मला मात्र फक्त "जेवलीस का?" एकदा स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "बाई, पाऊल टाकलं की आत करकरतंय. न्हाय, पोरीला न्हाय सांगितलं."

मी आत जाऊन भांडले. "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगीच पत्रक काढलं असतंस. माझा गुडघा आख्ख्या जिल्ह्यात!"

दवाखान्यात आईचा हात बाईंनी धरला होता. मी पिशवी धरली होती.

डॉक्टर म्हणाले, "वय झालं की असं दुखतंच."

"डॉक्टरसाहेब, वय हिचं झालंय. गुडघा तर दोन वर्षांचा हाय. त्याचं कसलं वय?"

गुडघ्याचा एक्स-रे काढल्याशिवाय बाई उठल्या नाहीत. सांधा हलला होता. ऑपरेशनच्या कागदांसोबत मिळालेलं त्याच्या नंबरचं स्टिकर आईनं घरी बुद्धांच्या तसबिरीमागं चिकटवून ठेवलं होतं. आमच्याकडं मोलाचं सगळं तिथंच असतं. तसलाच सांधा, तसलीच करकर बाईंना पंगतींमध्ये आणखी दोघींच्या पायात सापडली होती. आई आणि त्या दोघी, अशी तिघींची एकच तक्रार करायचं ठरलं. बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला.

"आता लिही तुझं 'झालंच पाहिजे'. आता शोभतंय."

तक्रार सरकारकडं गेली. तसला सांधा बसवलेल्यांना दवाखान्यानं तपासणीला बोलावलं. माझ्या आयुष्यात माझं लिहिलेलं पहिल्यांदा कामाला आलं, आणि लोक म्हणाले, "बाईंनी करून दाखवलं!" आईचं पुन्हा ऑपरेशन झालं. रात्रभर उशाशी मी बसले होते. डोळे उघडल्यावर तिनं विचारलं, "बाई आल्या का?"

या हिवाळ्यात बाई हृदयविकारानं गेल्या. मी रडले. खरं सांगायचं तर, आता आई मला मिळेल, असंही वाटलं.

परवा ईट गावात लग्न होतं. वाढपी भाजी घेऊन आले, तेवढ्यात पाठीमागं फरशीवर खुर्ची फरफटल्याचा आवाज झाला. मी दचकून वळले. आई एका अनोळखी बाईपाशी पोहोचली होती. अगदी बाईंसारखी मान तिरकी करून विचारत होती, "गुडघा कुठला गं तुझा?"

ती बाई हळूच काहीतरी सांगू लागली. आईनं तिचा हात हातात घेतला. मला ऐकू येत नव्हतं. माझे गुडघे धड आहेत. मी खाली पंगतीत बसले होते.