कंपनीचं टपाल

“अगं, नवरा आहे मी तुझा! दे ती पत्रं!”

“पत्रं कंपनीची आहेत, आल्डेन,” सासूबाई बटाटे सोलत म्हणाल्या.

व्हर्मॉंटमधल्या आमच्या गावच्या त्या पोस्टमास्तर. घरच्या मेपलच्या पाकाच्या कंपनीचा अध्यक्ष आपणच, असं सासरे आणि त्यांचा भाऊ रॉयस, दोघांनीही पोस्टात लिहून दिलं होतं. वर्षाच्या ऑर्डरी टपालानेच येत. त्या ज्याच्या हाती, कंपनी त्याची. सासूबाईंनी कंपनीचं सगळं टपाल अडवून टपाल खात्याच्या वकिलांकडे निर्णय मागितला होता.

“रॉयस खिदळत असेल!”

“तो केक घेऊन पोस्टाच्या खिडकीशी आला होता. केकसकट परत पाठवला.”

चाळीस वर्षांचा संसार समोर ओरडत होता, पण त्यांची सुरी थांबली नाही. मी बघतच राहिले.

मग त्यांनी हात पुसले. “वकिलांचं पत्र आज आलं. कागदोपत्री अध्यक्ष रॉयस आहे. उद्यापासून टपाल त्याला जाईल. जेवायला बसा.”