दुसरा वॉशर

माझ्या दुकानाच्या वरच्या फळीवर दोन गाड्या आहेत. एक माझी. दुसरी माझी नाही, पण दोन वर्षं ती तिथेच होती, पोत्याखाली झाकलेली, आणि मी तिला हात लावत नव्हतो.

दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकतो. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. मी टपरीपासून सुरुवात करून हे शटर उभं केलं, आणि कुणापुढे दबून नाही. भाव करताना मी आवाज चढवतो, हे सगळ्या बंदराला माहीत आहे. पण माझ्याकडून खराब माल गेला, असं कुणी म्हणू शकत नाही. एकच माणूस म्हणाला.

तो माणूस म्हणजे मालगुंडचा फिटर. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला. मी त्यांना ‘भाऊ’ म्हणायचो, ते मला ‘शेट’. निवृत्त होऊन आले तेव्हा सिंगापूरहून दोन रिमोटच्या गाड्या आणल्या. बॅटरीवरच्या नव्हेत, नायट्रो इंधनावरच्या. खरं इंजिन, खरा धूर, इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास. एक मला दिली. फुकट घेतलेली आयुष्यातली ती एकमेव वस्तू असेल.

दर रविवारी सकाळी आम्ही सड्यावर जायचो. कातळ सपाट, गवत वाळलेलं, माणूस नाही. या इंजिनाचा जीव ग्लो प्लगमध्ये असतो. करंगळीच्या पेराएवढा प्लग, आत तारेची बारीक गुंडाळी. वरून दीड व्होल्टचा इग्नायटर लावला की तार नारिंगी होते. दोरी ओढली की इंजिन पेटतं. मग इग्नायटर काढायचा, आणि तार आपल्याच धगीवर लाल राहते. आमची पद्धत ठरलेली होती. एकाने गाडीची मागची चाकं उचलून धरायची आणि इग्नायटरवर हात ठेवायचा. दुसऱ्याने कान देऊन इंजिन ऐकायचं आणि आवाज स्थिर बसला की म्हणायचं, “काढ.” त्याआधी काढला तर इंजिन मरतं. भाऊंचा कान असा, की त्यांनी ‘काढ’ म्हटल्यावर इंजिन कधी मेलं नाही.

प्लग वाचायलाही त्यांनीच शिकवलं. तार ओली आणि काळपट असेल तर इंधन जास्त जातंय. करडी, वाकडी झाली असेल तर कमी पडतंय, इंजिन तापतंय. “प्लग खोटं बोलत नाय, शेट,” ते म्हणायचे. “तुझ्या गिऱ्हाइकांसारखा नसतो तो.”

“आणि माझ्यासारखा?”

“तू कुठला खोटं बोलायला. तू फक्त ओरडतंस.”

प्लग मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून आणायचो. अर्धा तास फोनवर घासाघीस करून पेटीच घ्यायचो, आणि दोन्ही गाड्यांना तेच.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरचे चौघे आपापल्या गाड्या घेऊन आमच्या सड्यावर आले. आदल्या संध्याकाळी मी दुकानात दोन्ही गाड्यांचे प्लग बदलले होते. सकाळी माझी गाडी पहिल्या दोरीला उठली. भाऊंची उठली, त्यांनी ‘काढ’ म्हटलं, मी काढला, आणि ती मेली. पुन्हा तेच. मी पेटीतला दुसरा प्लग घातला. तरी तेच.

भाऊ प्लग डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “पेटीच तसली दिसते. शेट, माल गार आहे तुझा.”

एक कोल्हापूरकर हसला. “काय पाव्हणं, डुप्लिकेट गावला व्हय?”

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. माझ्या गाडीत त्याच पेटीतला प्लग पळत होता, सगळ्यांसमोर. मी म्हणालो, “माल चांगला आहे. तुला इंधनाची सुई लावता येत नाही. जहाजावर इंजिनाला हात लावू देत होते, की भांडी घासायला ठेवलं होतं?”

बारा वर्षं ‘तुम्ही’ म्हणत आलो होतो. त्या दिवशी ‘तू’ निघालं.

भाऊंनी गाडी माझ्या स्कूटरच्या पायाशी ठेवली. “तूच ठेव,” म्हणाले, आणि रस्त्यापर्यंत चालत जाऊन एस.टी.ला हात केला.

त्यानंतर ते बंदरावर आले नाहीत आणि मी मालगुंडला गेलो नाही. मी का जायचं? परगावच्या माणसांसमोर ते माझ्या मालाला वाईट बोलले होते. गाडी परत न्यायलाही आले नाहीत, जणू माझा हात लागून ती बाटली होती. हा राग मी रोज शटर उघडताना वर काढत होतो आणि बंद करताना आत ठेवत होतो. रविवारी एकटाच सड्यावर जायचो. एका हाताने चाकं उचलून दुसऱ्याने इग्नायटर काढायचा, हे जमतं. जमत नाही ते एवढंच, की गाडी छान वळली की मी बाजूला बघायचो. बाजूला कातळ.

यंदा दिवाळीनंतर माझ्या गाडीतल्या प्लगची तार तुटली. पेटी संपलेली, मुंबईचा माल यायला वेळ. रविवार रिकामा जाणार, म्हणून मी पोतं बाजूला केलं. भाऊंच्या गाडीतला प्लग काढून आपल्याला लावू, एवढाच विचार.

प्लग निघाला, त्याचा तांब्याचा वॉशर त्याच्यासोबत निघाला. तार शाबूत, चकचकीत. माल चांगला होता. मला आनंद झाला. सहज बॅटरी मारून भोकात पाहिलं, तर खाली काळी कडा दिसली. टाचणी वाकवून आत घातली, इंजिन उलटं केलं. वर्तमानपत्रावर आणखी एक वॉशर पडला. एरंडेलाने काळा झालेला, जुना.

बंदरावर तांब्याचा वॉशर कुणी फेकत नाही. गॅसवर लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, तांबं मऊ होतं, पुन्हा चालतो. बोटीच्या इंजेक्टरखालचे वॉशर मी तसेच वापरतो. प्लगचे वॉशरही बामाच्या डबीत साठवून ठेवायचो. डबीत इतके असायचे, की त्या संध्याकाळी भाऊंच्या जुन्या प्लगसोबत वॉशर बाहेर आलाच नाही, हे मला कळलं नाही. तो तळाशी चिकटून राहिला. नव्या प्लगला मी डबीतला घालून आवळला. दोन वॉशर म्हणजे प्लग वर बसणार, दाब कमी पडणार, इग्नायटर काढला की इंजिन मरणार. बोटीचा इंजेक्टर असता तर वॉशर मोजून काढले असते. खेळण्यातलं काय मोजायचं?

दुकानात कुणी नव्हतं. तो वॉशर कचऱ्यात टाकला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मी तो कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी स्कूटरला बांधून मालगुंडला निघालो. वाटेत माझा नेहमीचा धंदा मनात चालू होता. वॉशरची चूक माझी म्हणायची, पण मालाबद्दल बोलले ते त्यांनी मागे घ्यायचं. थोडं मी, थोडं ते.

भाऊ पडवीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि तो हात थरथरत होता. वॉशर त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला तेव्हा ठरवलेलं काहीच बोललो नाही. “भाऊ, हा तुमच्या गाडीत राहिला होता. चूक माझी. आणि तुम्हाला बोललो ती त्याहून मोठी.”

त्यांनी वॉशर उजेडात धरला. “दोन होते होय,” म्हणाले. “मला घरी आल्यावर तसंच वाटलं होतं. म्हटलं, गाडी त्याच्याकडे आहे, उघडेल.”

मला तिथेही राग आला. “मग एक फोन करायचात.”

“ऐकलं असतंस?”

मी स्कूटरकडे जाऊन गाडी सोडून आणली.

“म्हणजे तुझा माल चांगलाच होता,” ते म्हणाले. “चारचौघांत बोललो ते माझं चुकलं, शेट.”

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना. मी गाडी पुढे केली. त्यांनी थरथरता हात जरासा उचलून दाखवला. “आता रिमोट धरवत नाय. गेल्या पावसापासून. तूच पळव.”

“चला ना, नुसते बसा. मी स्कूटरवरून नेतो.”

“बघू,” म्हणाले. कोकणात ‘बघू’चा अर्थ मला ठाऊक आहे. मी इतका भाव करणारा माणूस, पण पुढे एक शब्द रेटला नाही. वॉशर त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

रविवारी सड्यावर त्यांची गाडी नेली. एक वॉशर, एक प्लग. चाकं उचलली, दोरी ओढली, इंजिन पेटलं. इग्नायटरवर हात ठेवून मी ऐकत राहिलो. आवाज कधीच स्थिर बसला होता, मला कळत होतं, तरी थांबलो. मग “काढ” असं मीच म्हणालो, आणि काढला. ती मेली नाही.