आईच्या दाढेला टोपी

आमच्या घरी कडक भाकरी नीट झाली की नाही, हे आईच्या दाढेखाली ठरतं. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर मंद आचेनं वाळवायची, कोपरा मोडायचा आणि डाव्या दाढेखाली धरायचा. कडाड आवाज आला तर डब्यात, नाहीतर परत तव्यावर. उजवीकडच्या दाढा कधीच पडल्या होत्या, त्यामुळे सगळी मदार डावीकडच्या एकाच दाढेवर. गेल्या हिवाळ्यात नेमकी तीच किडली आणि रूट कॅनॉल करावं लागलं.

ठणका थांबल्यावर आई दवाखान्याचं नाव काढेना. डॉक्टर कॅप बसवायला बोलवत होते.

"दुखायचं थांबलंय की. आता दाताला टोपी कशाला? थंडी वाजतीय व्हय त्याला?"

शेवटी मी वैतागलो आणि तिला रिक्षात बसवलं. डॉक्टर तरुण, पण चिवट. त्यांनी आरसा दाखवून समजावलं. आतली नस काढलीय, बराचसा दात किडीनं खाल्लाय, उरलेल्या भिंती पातळ आहेत. जोर पडला तर तडा जाईल, आणि तो मुळापर्यंत गेला तर दाढ काढावीच लागेल. कॅप दाताला चारी बाजूंनी धरून ठेवते.

आईनं मान डोलावली. "ज्वारीचं धाट हिरवं हाय तवर वाकतंय, वाळलं की काटकन मोडतंय. तसंच की?"

"अगदी तसंच, आजी."

मग त्यांनी दाढ चहूबाजूंनी घासून बारीक केली, माप घेतलं, पक्की कॅप तयार होईपर्यंत एक तात्पुरती बसवली. त्या बाजूनं कडक काही खायचं नाही, अशी ताकीदही दिली.

आईनं ती पाळली, तिच्या मते. पण त्याच आठवड्यात नातवाला पुण्याच्या हॉस्टेलवर भाकरी पाठवायच्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो तर ती तोंडावर हात धरून उभी, आणि निघालेली कॅप तळहातावर.

"खाल्ली न्हाय रं," ती म्हणाली, "नुसती बघितली."

मला हसू आवरेना. तिला घेऊन पुन्हा दवाखान्याकडे निघालो. रिक्षात मात्र सात रस्ता चौकाजवळ ती हळूच म्हणाली, "दाढ मोडली असली तर? मग जल्मभर भिजवूनच खायाची व्हय?" मी रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांनी बराच वेळ दाढ तपासली. मग म्हणाले, "शाबूत आहे. पण आजी, परत बघू नका!" आई लाजून हसली. पुढच्या खेपेला पक्की कॅप बसली. रंगीत कागद चावून पाहिला, जरा उंच लागत होती तेवढी घासून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं घेतली तर आई स्वतःचं ताट घेऊन आमच्या पंक्तीत येऊन बसली. कित्येक महिने ती "तुमी घ्या, मी मागनं बसते" म्हणायची. आम्हाला वाटायचं, बायकांची जुनी सवय. तिला चावायला वेळ लागायचा आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, हे आत्ता कळलं. मी जेवायचं सोडून तिच्याकडेच बघत होतो.

"बघत काय बसलास?" ती कडाकडा चावत म्हणाली. "शेंगाचटणी सरकव की हिकडं."